ताईचा हिशेब

ताईचं बिघडतंय हे आम्हाला पहिल्यांदा दिसलं ते बचत गटाच्या वहीत. 2016 चा पावसाळा, ती अंगणवाडीतून नुकतीच रिटायर झालेली. महिन्याच्या बैठकीत एका बाईनं आपलं पासबुक सतरंजीवर टाकलं आणि विचारलं, "बाई, माहे दोन महिन्याचे पैसे कुठी गेले?" गटाची सचिव ताईच. बायांकडून दरमहा शंभर-शंभर रुपये घ्यायचे, वहीत मांडायचे, आर्वीला जाऊन बँकेत भरायचे, हे काम गट निघाल्यापासून तिच्याकडे होतं आणि त्यात कधी चार आण्याची चूक निघाली नव्हती. वही उघडली. जूनचं पान दोनदा लिहिलेलं, जुलैचं पानच नाही. शेवटच्या पानावर तर बायांच्या नावापुढे रुपयांऐवजी किलो आणि ग्रॅम. एकीच्या नावापुढे अकरा किलो दोनशे. बाया आधी हसल्या, मग एकमेकींकडे बघायला लागल्या.

पैसे कुठेच गेले नव्हते. शिलाई मशीनच्या खणात, रबर लावून, नीट ठेवलेले सापडले. पण ते सापडेपर्यंत गावाला बोलायला वेळ मिळाला आणि गावानं तो वाया घालवला नाही. ज्या बाईनं तीस वर्षं लेकरांच्या तोंडात खिचडी घातली तिनं म्हणे गटाचे पैसे खाल्ले. पैसे मिळाल्यावर कोणी काही बोललं नाही. सचिवपद मात्र दुसरीला दिलं. ताई त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाली, "बेबी, मी लिहिलं होतं वं. मले आठवते, मी लिहिलं होतं." लिहिलं तर होतंच तिनं, दोनदा.

आम्ही दोघी बहिणी एकाच गावात दिलेल्या, दोन चुलतभावांना. माहेर पुलगावचं. बाबा तिथल्या कॉटन मिलमध्ये होते, आम्ही मिलच्या भोंग्यावर उठणाऱ्या आणि भोंग्यावर जेवणाऱ्या पोरी. ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. माझ्या वेण्या तिनं घातल्या, मला पाढे तिनं शिकवले, माझ्या लग्नात रडलीही तीच जास्त. भाऊजी वावरात साप चावून गेले तेव्हा तिच्या पदरात दोन लहान पोरं होती आणि सातवी पास एवढंच शिक्षण. त्यावर तिला अंगणवाडी मिळाली. मानधन दोन-अडीचशे रुपये, तेही वेळेवर येईलच असं नाही. पुढे ते वाढत गेलं, पण 'पगार' त्याला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. आणि पेन्शनचं नावच नव्हतं.

तिची एक खुबी होती. लेकरू उचललं की ती वजन सांगायची. काट्यावर टांगायच्या आधी. "साडेआठ हाय, पाहून घे," आणि काटा साडेआठच्या आसपासच थांबायचा. मुख्यसेविका तपासणीला आल्या की मुद्दाम तिची परीक्षा घ्यायच्या. वाढीच्या तक्त्यावर लाल पट्ट्यात गेलेलं लेकरू तिच्या हाताला आधी कळायचं, तक्त्याला नंतर. मग त्या घरी रोज संध्याकाळी चक्कर, आईला रागावणं, आपल्या घरचं दूध नेऊन देणं. तिची जीभ गोड नव्हती. सुना तिला घाबरायच्या. गावातले आज तिशी-पस्तिशीतले निम्मेअधिक लोक तिच्या काट्याला टांगलेले आहेत.

पैशाच्या भानगडीनंतर एकेक गोष्ट दिसू लागली. महालक्ष्म्यांची आंबील करताना ज्वारीचं पीठ आणि ताक समोर ठेवून ती नुसती उभी. आर्वीहून परतताना दुसऱ्याच फाट्यावर उतरली. एकच गोष्ट तासाभरात चारदा विचारायची आणि चारही वेळा नव्यानं ऐकायची. तालुक्याला एका डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "वय झालं, रिटायरमेंटचं टेन्शन आहे," आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायला लागली आणि एका रात्री मोरीत पडली. तोवर एका नातेवाइकानं बाहेरचं काही आहे म्हणून कुठे कुठे नेऊन आणलं होतं, लिंबू-बिब्बा सगळं झालं होतं. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. पैसे गेले, एवढंच.

2018 च्या जानेवारीत आम्ही तिला सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात नेलं. माझी मुलगी तिथेच जन्मली होती आणि तेव्हा सोबतीला ताईच होती. गेटातून आत शिरताच तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "कळा कधीच्या सुरू झाल्या तुले?" मी म्हटलं, सकाळपासून. मग दिवसभर ती माझ्याच काळजीत होती, त्यामुळे तपासणी सोपी गेली. रक्त काढताना तिला वाटलं माझ्यासाठीच काढताहेत.

आधी साखर, थायरॉइड, बी-12 तपासलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की थायरॉइड कमी असलं किंवा बी-12 कमी पडलं तरी माणूस असा विसरायला लागतो आणि ते औषधानं बरंच सुधारतं. म्हणून ते आधी बघायचं. हे मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण आमच्याकडे म्हातारं माणूस विसरू लागलं की कोणी रक्तसुद्धा तपासत नाही. मग डोक्याचा फोटो. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी प्रश्न विचारले. शंभरातून सात वजा करा, परत सात करा. तीन वस्तूंची नावं लक्षात ठेवा. ताईला वस्तू एकही आठवली नाही. घड्याळ काढायला सांगितलं तर तिनं गोल छान काढला, पण बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीनं बसवले. डावी बाजू रिकामी. "आज कोणती तारीख?" ती गप्प. "महिना कोणता?" तेव्हा ती वैतागून म्हणाली, "तुरी सोंगणं चालू हाय नं, दिसत नाही का?" डॉक्टरीणबाई नागपूरच्या असाव्यात, हसल्या आणि त्यांनी महिन्याचा मार्क दिला. बरोबरच होतं उत्तर.

निदान अल्झायमरचं निघालं. बरा करणारं औषध नाही, डोनेपेझिल म्हणून गोळी आहे, तिनं काहींना काही काळ थोडा फरक पडतो, सुरुवातीला मळमळ होऊ शकते, असं सगळं स्पष्ट सांगितलं. मला ते स्पष्ट सांगणं आवडलं. गावात आल्यावर लोक म्हणाले, हा तर शहरातला, शिकलेल्या लोकांचा रोग. तो समज चुकीचा आहे हे मला पुढे कळलं. 2023 मध्ये देशभराच्या पाहणीचा निष्कर्ष आला. त्यात साठीपुढच्या लोकांत शंभरात सुमारे सात जणांना, म्हणजे अंदाजे 88 लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश (अल्झायमर त्यातलाच), असल्याचं म्हटलं होतं, आणि प्रमाण शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायांमध्ये जास्त होतं. म्हणजे आमच्याच घरांतून. फक्त खेड्यात त्याला 'बुडी चळली' म्हणतात आणि विषय संपतो.

त्या रोगाचं नाव ज्या जर्मन डॉक्टरावरून पडलं, त्यानं पहिल्यांदा जिच्यात तो पाहिला ती एक बाई होती, ऑगस्टे डेटर. 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या दवाखान्यात आली तेव्हा वय फक्त 51. हे मी फोनवर वाचलं आणि का कोण जाणे, त्या बाईचं नाव पाठ करून ठेवलं. डॉक्टरचं नाव सगळ्या जगाला पाठ आहेच.

ताईला मी माझ्याकडे आणलं. तिचा मोठा मुलगा पुण्याकडे चाकणला कंपनीत, धाकटी लेक सुरतेला. दोघंही न्यायला तयार होते, पण फ्लॅटमध्ये तिचं काय झालं असतं? माझ्या घरी ओळखीचा रस्ता होता, ओळखीचं बोरीचं झाड होतं, आणि माझी शाळेतली नोकरी संपली होती. हे काही बोलले नाहीत, नुसती तिच्यासाठी दुसऱ्या खोलीत बाज टाकून दिली.

सगळ्यात अवघड वेळ दिवेलागणीची. चार-साडेचार झाले की ती उठायची, एका लुगड्यात दोन पोलके आणि मूठभर शेंगदाणे बांधायची आणि दाराशी. "गाडी चुकेल. भोंगा झाला, बाबा येतील." गाडी म्हणजे शकुंतला, पुलगाव-आर्वीची छोटी रेल्वे. ती बंद होऊन जमाना झाला, भोंगाही गेला, बाबा तर माझ्या मुलीच्या जन्माआधीच गेले. पहिल्यांदा मी तिला हे सगळं समजावून सांगायची. बाबा नाहीत म्हटल्यावर ती जी रडायची! आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. रोज संध्याकाळी तिचा बाप नव्यानं मारायचा, हे कोणतं शहाणपण? माझ्या सुनेनं तोडगा काढला. ती म्हणाली, "मावशी, गाडी अर्धा तास लेट आहे. तोवर एवढ्या शेंगा फोडून द्या." ताई बसायची. शेंगा फोडायची. अर्ध्या तासात दिवा लागलेला असायचा, जेवणाचा वास सुटलेला असायचा, गाडी विसरलेली असायची. आमच्या घरी त्या वर्षांत इतके शेंगदाणे फोडले गेले की कूट कोणाला देऊ असं व्हायचं. यात खोटं बोलणं आलं, हे खरं. मी आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका शिकवलं. पण सुनेचं बरोबर होतं.

ती सून म्हणजे खरी गोष्ट. कारण तिच्यावरच चोरीचा आळ आला. ताईची सोन्याची एकदाणी सापडेना. "इनंच नेली, माहेरी पाठवली." शेजारपाजाऱ्यांसमोर, मोठ्यानं. सून आत जाऊन रडली आणि बाहेर येऊन म्हणाली, "चला मावशी, आपण दोघी मिळून शोधू." रोज दोघी शोधायच्या. मागे गटाच्या बायांनी ताईवर जे केलं होतं, तेच ताईनं तिच्यावर केलं, पण सुनेनं ते मनात धरलं नाही. एकदाणी उन्हाळ्यात गहू वाळवायला कोठी रिकामी केली तेव्हा तळाशी मिळाली, पोषण आहाराच्या रिकाम्या पुडीत गुंडाळलेली.

सकाळ मात्र ताईची होती. आंघोळ झाली की नेसून, पदर खोचून, अंगणवाडीकडे. रिटायर झाल्याचं तिला कधी पटलंच नाही. मी घाबरत घाबरत नव्या सेविकेशी बोलले. ती ताईच्याच काट्यावर वाढलेली पोरगी. म्हणाली, "येऊ द्या नं मॅडम, बसतील." तिनं ताईला दाराजवळ खुर्ची दिली, तांदूळ निवडायला ताट दिलं आणि एक भरलेलं जुनं रजिस्टर दिलं. ताई त्यात लिहायची. अक्षर आधी वाचता येत होतं, मग नुसत्या ओळी. दहा वाजता लेकरांची पंगत बसली की ती उठून मोजायची, बोट प्रत्येकाच्या डोक्यावर ठेवून. मोजणी कधी सतराला थांबायची, कधी तीसच्या पुढे जायची, लेकरं असायची बावीस. पण कोणाच्या ताटात कमी वाढलं हे तिला बरोबर दिसायचं. "त्याले वाढ. तो मागत नाही, लाजते." आणि खरंच, तो लाजणारा असायचा.

हे जे मी सांगते आहे ते कोणाला समजावून सांगणं जड जातं. भेटायला येणारे माझ्याकडे बघून हळू आवाजात विचारायचे, "ओळखते का?" नाही म्हटलं की त्यांच्यासाठी ती गेलेलीच. चहा पिऊन उठायचे. अहो, माझं नाव तिला आठवत नसेल, पण लाजरं पोर तिला दिसत होतं. रागवायची तीही तशीच, सुनांना घाबरवणारी. एकदा मला म्हणाली, "तुम्ही कोणाच्या घरच्या? तुमच्या लेकराची ढोपरं फुटली, हळद लावा." मी तिची बहीण नव्हते त्या दिवशी. ती मात्र ताईच होती.

काही गोष्टी ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांच्या कामी येतील म्हणून लिहिते. तिच्या पोलक्याच्या आतून मी माझा फोन नंबर शिवून ठेवला होता. एकदा ती एसटीत चढून आर्वीला गेली तेव्हा कंडक्टरनं चेहऱ्यावरूनच ओळखलं ते सोडा, पण नंबर हवाच. दाराची कडी वर, चौकटीच्या टोकाला बसवली, कारण तिथे तिची नजर जायची नाही. एका आठवड्यात ती एकाएकी फारच बिघडली, भिंतीवर माणसं दिसायला लागली, रात्र-रात्र ओरडायची. आम्हाला वाटलं रोग वाढला. दवाखान्यात नेल्यावर लघवीचं इन्फेक्शन निघालं आणि औषध संपेपर्यंत भिंतीवरची माणसं गेली. तर असं अचानक काही झालं की रोगावर ढकलून गप्प बसू नये. आणि सांभाळणाऱ्यालाही कोणी विचारलं पाहिजे. सरकारची मानसिक आरोग्याची टेली मानस हेल्पलाइन 2022 मध्ये सुरू झाली, 14416. एका रात्री सुनेनं तिथे फोन लावला. पलीकडची बाई मराठीत बोलली आणि मुख्य म्हणजे तिनं ऐकून घेतलं.

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि अंगणवाडी बंद झाली. ताई रोज सकाळी जाऊन कुलूप हलवून यायची. पोषण आहार घरोघर जायला लागला, पण पंगत नाही, मोजायला डोकी नाहीत. त्या बंदच्या काळात ती जितकी उतरली तितकी आधीच्या दोन वर्षांत नव्हती. अंगणवाडी पुन्हा उघडली तेव्हा तिला नेलं, पण ती खुर्चीवर टेकली आणि उठलीच नाही.

2022 च्या दिवाळीत माझी नात आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन आली. ताई तेव्हा फारसं बोलत नव्हती. दिवसभरात एखादा शब्द. नातीनं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं, मी खालून हात धरला. ताईनं बाळ दोन्ही हातांनी थोडं वर घेतलं, खाली घेतलं, परत वर घेतलं. कपाळाला आठी पडली. म्हणाली, "पाच नाई भरत." आणि माझ्या नातीकडे बघून, अगदी मुख्यसेविकेसमोरच्या आवाजात, "अंगावर पाजतं का नाई तू?" आशाताईंकडून काटा आणून पाहिला. चार किलो आठशे. नात म्हणाली, मोठ्या आजीनं मला पहिल्याच भेटीत झापलं.

शेवटचं वर्ष सांभाळण्याचं होतं. पातळ पाणी घशात ठसकायला लागलं, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सगळं घट्टसर, आंबलीसारखं करून चमच्यानं. हवेची गादी आणली, दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीच्या पाळ्या आमच्या दोघींच्या. नाकातून नळी घालायची का, असं विचारलं गेलं. तिच्या मोठ्या मुलाशी बोलून नको म्हणून सांगितलं. 2024 च्या जानेवारीत छातीत कफ झाला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली, घरीच.

तेरवीला जो तो म्हणत होता, "सुटली बिचारी." मला हा शब्द सहन होईना. मोठ्या मुलानं पेपरात द्यायला श्रद्धांजलीचा मजकूर लिहून आणला होता. 'आदर्श अंगणवाडी सेविका, प्रेमळ माता, दीर्घ आजाराने निधन.' मी म्हटलं, आजाराचं नाव लिही, आणि आजारातही त्या रोज सकाळी अंगणवाडीत जाऊन लेकरांची पंगत मोजत, हेही लिही. तो म्हणाला, "मावशी, लोकांना कशाला सांगायचं? पोरीचं लग्न व्हायचं आहे. वेड आहे म्हणतील घराण्यात." मी त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सांगितलं, की इतक्या उतारवयात सुरू होणारा हा रोग बहुतेक वेळा आईकडून लेकराला सरळ येत नाही, थोडा धोका वाढतो इतकंच. तो ऐकत होता, पण पटत नव्हतं. "आई कशी होती हे लोकांना लक्षात राहावं ना," म्हणाला. अशीच होती, मी म्हटलं. 2016 च्या आधीची तेवढी तुझी आणि नंतरची कोणाची?

मग फोटोवरून झालं. त्याला निरोप समारंभातला हवा होता, शाल-श्रीफळ हातात असलेला. माझ्याकडे होता तो अंगणवाडीच्या खुर्चीवरचा, लोकरीची टोपी घातलेला, मांडीवर रजिस्टर, आणि कॅमेऱ्याकडे न बघता कोणत्या तरी पोरावर डोळे वटारलेले. हे मध्ये पडले, सुरतेहून आलेली लेकही मध्ये पडली. शेवटी मजकूर माझा आणि फोटो त्याचा, असं ठरलं. जाहिरातीचे पैसे दोघांनी निम्मे निम्मे दिले.